सुलतानचा पासष्ट खेळींचा डाव

मी बुद्धिबळ शिकलो ते आजोबांकडून, देशी पद्धतीनं. प्यादं पहिल्या खेपेलाही एकच घर सरकायचं, किल्लेकोट तर नाहीच. कॉलेजच्या स्पर्धेत उतरलो तेव्हा पहिल्या दहा खेळींतच माझी दाणादाण उडायची. वाटायचं, आपलं शिकणंच चुकलं. मग मीर सुलतान खानबद्दल वाचलं.

पंजाबातल्या मिठा टिवाना गावचा हा मुलगा वडिलांकडून देशी डावच शिकला. सर उमर हयात खान यांनी त्याला आश्रय दिला, पाश्चात्त्य नियमांची ओळख करून दिली. १९२९ च्या वसंतात तो त्यांच्याबरोबर लंडनला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला! पुढे १९३२ आणि १९३३ मध्येही.

डावाची सुरुवात ही त्याची कच्ची बाजू. पण एकदा का पट बंदिस्त झाला, की त्याची सबुरी भल्याभल्यांना जड जायची. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत समोर होता माजी जगज्जेता कापाब्लांका. सुलतानकडे पांढरी मोहरी. कापाब्लांकानं दोन हत्ती देऊन वजीर घेतला. सुलताननं किल्लेकोट केलाच नाही; त्याचा राजा शह चुकवत पटाच्या मधोमधच राहिला. मग त्यानं घाई न करता एकेक घर आवळत नेलं. पासष्टाव्या खेळीला डाव संपला, सुलतान जिंकला. मी तो डाव पटावर मांडून पाहिला. त्यातला धीर मला ओळखीचा वाटला, आजोबांचाच!

१९३३ अखेर तो मायदेशी परतला. १९३५ मध्ये आपल्या वि. का. खाडिलकरांशी दहा डावांचा सामना झाला. खाडिलकरांना एक बरोबरी तेवढी मिळाली. त्यानंतर स्पर्धांचं जग सुटलं ते सुटलंच. गावाकडची शेती आणि संसार यांत तो रमला. १९६६ मध्ये सरगोध्याला क्षयानं गेला, तोवर ग्रँडमास्टर किताब काही मिळाला नव्हता. जागतिक बुद्धिबळ महासंघानं तो दिला २०२४ मध्ये, मरणोत्तर.

हे ऐकून आजोबा काही बोलले नाहीत. पट पुढे ओढला आणि एक प्यादं सरकवलं. एकच घर.

आता सुरुवातीच्या खेळी मी रोज घोकतो, त्याला इलाज नाही. पण किताब उशिरा आला म्हणून सुलतानचा तो डाव लहान होत नाही. आणि देशी पटावर शिकल्याची लाज, ती मात्र गेली.