रॉबर्ट ब्रूस फूट

फोपनारच्या भोवतालच्या डोंगरांतील काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीवर पसरलेल्या लाव्ह्याचा आहे. त्याहून कितीतरी प्राचीन, सागरतळीच्या उद्रेकांची साक्ष पाहावयाची तर चित्रदुर्गाजवळील मरडीहळ्ळीस जावे लागते. तेथे सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वी पाण्यात शिरलेला लाव्हा बाहेरून तत्काळ गोठला व उशा रचून ठेवाव्यात तशा त्याच्या गोलसर राशी झाल्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने हे स्थळ राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरविले आहे. हे खडक ज्या समूहात मोडतात, त्यास 'धारवाड' हे नाव रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दिले.

फूट यांचा जन्म २२ सप्टेंबर १८३४ रोजी इंग्लंडातील चेल्टनहॅम येथे झाला. १८५८ साली ते सर्वेक्षण खात्यात रुजू होऊन मद्रासकडे आले. ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळील पल्लावरम येथे त्यांना अश्मयुगीन मानवाचे हत्यार सापडले. भारतीय प्रागितिहासाचा आरंभ या शोधापासून मानतात, आणि बहुतेकांस फूट ठाऊक असतात ते एवढ्यापुरतेच.

मराठी वाचकास मात्र ते आणखी एका नात्याने जवळचे आहेत. बेळगाव, कलादगी हा दक्षिण महाराष्ट्राचा मुलूख त्यांनी तपासला व त्याचा भूवैज्ञानिक वृत्तांत १८७६ साली प्रसिद्ध झाला. गोकाकनजीक चिकदौली येथे मिळालेल्या पुराकालीन गेंड्याच्या अवशेषांचे वर्णनही त्यांचेच. आज त्या कोरड्या माळावर गेंडा चरत होता, यावर विश्वास बसणे कठीण!

पूर्वी दक्षिणेतील पत्रित खडक भोवतालच्या पट्टिताश्मांतच जमा धरले जात. १८८० नंतरच्या दशकात फूट यांनी ते वेगळे काढले. कोलारचे सोने याच खडकांत असल्याने हा भेद केवळ पंडितांपुरता राहिला नाही. गौरवाच्या भरात एक गोष्ट विसरू नये. मरडीहळ्ळीच्या राशींचा सागरी जन्म उलगडला तो पुढील पिढ्यांनी. फूट यांनी त्या अभ्यासास पाया पुरविला.

१८९१ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी बडोदे संस्थानासाठी काम केले. त्या प्रदेशाच्या भूविज्ञानावरील त्यांचा ग्रंथ १८९८ साली निघाला. म्हैसूर संस्थानाच्या भूविज्ञान खात्याचे ते पहिले प्रमुख होते.

दगड उचलणारे पुष्कळ असतात. तो कोठे मिळाला हे लिहून ठेवणारे थोडे. ग्रंथालयात नोंदीवाचून पडलेल्या पोथीची जी गत, तीच ठिकाण हरवलेल्या दगडाची. खाणीसाठी फोडला गेलेला खडक तर कोणत्याच संग्रहात परत येत नाही. फूट यांनी चाळीसहून अधिक वर्षे वस्तूगणिक स्थळ नोंदविले व आपला संग्रह १९०४ साली मद्रासच्या सरकारी संग्रहालयास विकला. त्यामुळे तो या देशातच राहिला. त्याची सूची ते तयार करीत होते. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्ता येथे त्यांचे निधन झाले. सूचीचे दोन खंड १९१४ व १९१६ साली छापून आले.