अॅडॅप्टरच्या आतला माणूस

ताईला किंवा वहिनीला बाळ झालंय का? मग एक काम हमखास तुमच्याकडे येणार. पाळण्यावर गोल फिरणारं, गाणं वाजवणारं खेळणं चार दिवसांत मान टाकतं. सेल संपतात, बाळ भोकाड पसरतं आणि घरातल्या सायन्सवाल्याला हुकूम सुटतो, हे सरळ प्लगवर चालेल असं काहीतरी कर. तुम्हीही लगेच ड्रॉवरमधला जुना चार्जर शोधायला लागता.

जरा थांबा. खेळण्यात तीन पेन्सिल सेल, म्हणजे साडेचार व्होल्ट. भिंतीतल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट. पन्नास पट फरक! या दोघांच्या मध्ये उभा असतो अॅडॅप्टर. चांगल्या अॅडॅप्टरच्या पोटात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असतात, एक भिंतीच्या बाजूचं आणि एक खेळण्याच्या बाजूचं. गंमत म्हणजे भिंतीची वीज या वेटोळ्यातून त्या वेटोळ्यात नेणारी तार मध्ये नसतेच. तरीही ऊर्जा पलीकडे पोहोचते. ती कशी, हे ज्यानं शोधलं तो मायकेल फॅरडे. कॉलेजची पायरी विद्यार्थी म्हणून कधीही न चढलेला माणूस.

२२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स इथे एका लोहाराच्या घरी तो जन्मला. वडील आजारी, पैशांची ओढाताण, शाळा लिहिण्यावाचण्यापुरती. चौदाव्या वर्षी तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे बाइंडिंगचं काम शिकायला लागला आणि तिथेच सात वर्षं राहिला. बाइंडिंगला आलेली पुस्तकं हीच त्याची लायब्ररी. एका विश्वकोशातला विजेवरचा लेख त्यानं वाचला, जेन मार्सेट यांचं रसायनशास्त्राचं पुस्तक वाचलं आणि पोराला नाद लागला.

तेव्हा सेल काही दुकानात मिळत नव्हते. व्होल्टाची बॅटरी येऊन जेमतेम बारा वर्षं झाली होती. १८१२ मध्ये फॅरडेनं ती घरीच बनवली. तांब्याची सात हाफपेनी नाणी, त्याच आकाराच्या जस्ताच्या सात चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद. खिशातल्या चिल्लरीतून वीज! तुमच्या हातातल्या पेन्सिल सेलचं तत्त्वही मुळात हेच आहे.

त्याच वर्षी एका गिऱ्हाइकानं त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्ही यांच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडे चार व्याख्यानांना बसला, नोट्स काढल्या, त्या आकृत्यांसह सुवाच्य उतरवल्या आणि छान बाइंड करून डेव्हींना पाठवून दिल्या. लगेच काही झालं नाही. पण पुढे डेव्हींच्या मदतनिसाला भांडणापायी नोकरी गमवावी लागली आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरडे त्या जागी रुजू झाला. पगार आठवड्याला २५ शिलिंग.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असं समजू नका. डेव्हींबरोबर युरोपला गेला तेव्हा त्याला नोकराचीही कामं करावी लागली आणि डेव्हींच्या पत्नीनं ते पदोपदी जाणवून दिलं. पण त्याच प्रवासात, १८१४ मध्ये, मिलानला त्याची भेट खुद्द व्होल्टाशी झाली. १८२१ मध्ये त्यानं विजेच्या जोरावर चुंबकाभोवती तार फिरवून दाखवली. आज खेळणं फिरवणाऱ्या मोटरची ही सुरुवात. कौतुक झालं, तसाच दुसऱ्याची कल्पना उचलल्याचा आरोपही झाला. रॉयल सोसायटीत त्याची निवड होण्याला विरोध केला तो साक्षात डेव्हींनी. तरी १८२४ मध्ये तो निवडून आला.

आता येऊ वेटोळ्यांकडे. २९ ऑगस्ट १८३१. फॅरडेनं मऊ लोखंडाच्या, सहा इंच व्यासाच्या कड्यावर दोन बाजूंना तार गुंडाळली. एक बाजू बॅटरीला, दुसरी चुंबकसूचीजवळून नेलेल्या तारेला. बॅटरी जोडली आणि सूची हलली. पण क्षणभरच! पुन्हा जागेवर. बॅटरी चालूच होती, सूची मात्र ढिम्म. बॅटरी काढली, तर पुन्हा एक झटका. दुसरा कोणी असता तर प्रयोग फसला म्हणून मोकळा झाला असता. फॅरडेला त्या झटक्यातच उत्तर दिसलं. नुसता प्रवाह असून भागत नाही, प्रवाह बदलत राहिला पाहिजे. त्याच्याबरोबर लोखंडातलं चुंबकत्व बदलतं आणि ते बदललं की दुसऱ्या तारेत वीज जागी होते. दोन महिन्यांत त्यानं चुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवून सलग वीजही काढली. जनरेटरचं बीज ते. अमेरिकेत जोसेफ हेन्री स्वतंत्रपणे त्याच वाटेवर होता, पण छापून आधी आलं ते फॅरडेचं.

सेलची वीज एकाच दिशेनं, एकसारखी वाहते, म्हणून ती या कड्यातून सलग पलीकडे जात नाही. आपल्या भिंतीतली वीज मात्र सेकंदाला शंभर वेळा दिशा बदलते. बॅटरी जोडायची, काढायची खटपटच नको! पलीकडे तारेचे फेरे कमी ठेवले की व्होल्टेजही कमी. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गांझ कारखान्यातल्या तीन इंजिनिअरांनी याच तत्त्वावर व्यवहारात चालणारा ट्रान्सफॉर्मर आणला. हल्लीचे हलके चार्जर आधी विजेचे सेकंदाला हजारो तुकडे करतात, पण आत वेटोळी असतातच.

आणि इथेच बाळाचा प्रश्न येतो. बाळ खेळणं हातात घेत नाही, तोंडात घेतं. लाळेनं ते ओलं होतं. मधली ती मोकळी जागा भिंतीची वीज बाळापर्यंत येऊ देत नाही. काही अगदी स्वस्त सर्किटांमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतोच, नुसता कपॅसिटर लावून व्होल्टेज पाडलेलं असतं. मीटरवर आकडा बरोबर दिसेल, पण खेळण्याचा भिंतीशी थेट संबंध राहील. असलं काही बाळाच्या आसपासही नको.

मग करायचं काय? बीआयएसचा नोंदणी मार्क असलेला अॅडॅप्टर घ्या. सेल जितके, त्याच्या दीडपट व्होल्ट धरा. मोबाइलचा पाच व्होल्टचा चार्जर तीन सेलच्या खेळण्याला लावायचा, तर मध्ये एक साधा सिलिकॉन डायोड टाका, सुमारे ०.७ व्होल्ट कमी होतील. प्लस-मायनस दोनदा तपासा. आतले सेल काढूनच वायर जोडा, साधे सेल चार्ज व्हायला लागले तर गळतात, फुटूही शकतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वायरवर फक्त तेच चालवा जे बाळाच्या हाताबाहेर आहे. वायर गळ्याभोवती अडकू शकते. हातातल्या खुळखुळ्याला रिचार्जेबल सेलच बरे.

फॅरडेला स्वतःचं मूल नव्हतं. पण १८२७ ते १८६० या काळात नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानांच्या १९ माला त्यानं दिल्या. एक साधी मेणबत्ती पेटवून तिच्यातलं सगळं रसायनशास्त्र पोरांना उलगडून दाखवायचा. गणित त्याचं कच्चं होतं. त्याच्या कल्पनांना समीकरणांत बसवलं ते पुढे मॅक्सवेलनं. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद त्यानं नाकारलं. उतारवयात स्मरणशक्तीनं साथ सोडली आणि २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो गेला. घराघरांत विजेचा दिवा पोहोचलेला त्यानं पाहिलाच नाही.

तेव्हा पाळण्याजवळ प्लग लावण्याआधी तो चार्जर एकदा उलटा करा आणि त्यावरचं बारीक अक्षर वाचा. बाइंडिंगच्या दुकानातल्या त्या पोरानंही सुरुवात वाचण्यापासूनच केली होती.