उद्योगमहर्षी लक्ष्मणराव किर्लोस्कर : माणसे घडविणारा कारखानदार

कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात दाखल झाले. परंतु रंग ओळखण्यातील दृष्टिदोषामुळे तो मार्ग खुंटला. तेव्हा त्यांनी यंत्रांचे रेखाटन आत्मसात केले व व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये अध्यापन केले. पुढे हक्काची बढती डावलली गेल्याने नोकरीचा त्याग करून ते बेळगावास परतले. बंधू रामुअण्णांसह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर असा त्यांचा व्यवसाय वाढत गेला.

बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळील ओसाड माळरान दिले. १९१० साली निवडुंग तोडून तेथे किर्लोस्करवाडी वसली.

अशा माळावर तयार कारागीर कोठून मिळणार? लक्ष्मणरावांनी हाताशी असलेल्या माणसांनाच कारागीर केले. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्या सहवासात कल्पक अभियंता झाले. कामाची धुरा शंभोराव जांभेकरांनीही वाहिली. पूर्वायुष्यात गुन्हेगार ठरलेल्यांवर रात्रीच्या पहाऱ्याची जबाबदारी सोपविली गेली आणि तो विश्वास सार्थ ठरला. वाडीत अस्पृश्यतेस थारा नव्हता.

याच नांगरांच्या विक्रीचे काम कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊराव पाटील यांनी काही काळ केले. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. पनवेलच्या महात्मा फुले महाविद्यालयाच्या रूपाने त्या कार्याची फळे आपणही चाखत आहोत.

शिकविलेला नोकर उद्या शेजारच्या पेढीवर जाईल, ही धास्ती आपणा व्यापाऱ्यांना सदैव असते. म्हणून आपण त्यास माल उचलण्यापुरतेच ठेवतो. खरेदी, पारख व हिशेब शिकवीत नाही. परिणामी पुढे जाण्याची वाट न दिसल्याने तो जातोच! लक्ष्मणरावांनी ती वाट खुली ठेवली. म्हणूनच नांगर ओतणाऱ्या कारखान्यातून पुढे उसाचे चरक व पंप बाहेर पडू शकले. शिकविण्यात गेलेला काळ ताळेबंदात कोठेच दिसत नाही, तथापि पेढीचे खरे भांडवल तेच होय.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी हा उद्योगमहर्षी निवर्तला. आपल्या दुकानातील एखाद्या होतकरू मुलास गल्ल्याचा व पारखीचा धंदा मनापासून शिकविणे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.