तेरावा क्रमांक

माझी ताई वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हाची गोष्ट. आमच्या घराची मधली खोली महिनाभर तिच्या ताब्यात होती. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, ट्रेसिंग कागदाच्या गुंडाळ्या आणि थर्मोकोलचा भुगा यांतून वाट काढीतच स्वयंपाकघरात जावे लागे. तिला विषय मिळाला होता तालुक्याच्या गावचे एस.टी. स्थानक आणि त्याला जोडून व्यापारी संकुल. फलाट, आरक्षण खिडकी, पार्सलची खोली, उपाहारगृह, वरच्या मजल्यावर दुकानांचे गाळे असे सारे त्यात होते. मी कला शाखेची विद्यार्थिनी. मला त्यातले काही कळत नसे. पण थर्मोकोलच्या इवल्या इवल्या बसगाड्या कापून देण्याचे काम मी आनंदाने केले.

परीक्षकांपुढे शीट लावण्याचा दिवस आला. ताई सांगत होती त्यावरून पाच-सात मिनिटांतच निकाल लागला. आराखडा नापसंत झाला आणि त्या विषयात ती नापास झाली. घरी आल्यावर तिने सगळ्या शीट सुतळीने बांधल्या आणि माळ्यावर टाकून दिल्या. बाबा रागावले नाहीत. पण बँकेच्या परीक्षेचा विषय त्यांनी दोन-तीनदा सहज काढला. वास्तुकलेचा खर्च आमच्या घराला जड होताच. ताई काहीच बोलली नाही. ते न बोलणेच आम्हाला अधिक भिववीत होते.

त्याच दिवसांत मी ग्रंथालयात एका निबंधासाठी संदर्भ शोधीत होते. हाती लागलेल्या एका जाडजूड पुस्तकात डोळ्यांवर चष्मा आणि डोक्यावर टोपी असलेल्या एका किरकोळ बाईचे छायाचित्र दिसले. शेजारीच, डोंगरावर उभ्या असलेल्या एका प्रचंड प्रासादाचे चित्र होते. तो प्रासाद या बाईने बांधला असे खाली लिहिले होते. निबंध बाजूला राहिला. ज्यूलिया मॉर्गनची कथा मी रोज रात्री थोडी थोडी ताईला सांगू लागले. तीच आज मित्रमैत्रिणींसाठी येथे लिहीत आहे.

ज्यूलियाचा जन्म २० जानेवारी १८७२ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. पाच भावंडांतील ती दुसरी. खाडीपलीकडच्या ओकलंड शहरात ती वाढली. १८९० मध्ये तिने बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश घेतला. वास्तुकलेचे शिक्षण तेथे नव्हते, म्हणून तिने स्थापत्य अभियांत्रिकी निवडली. वर्गातील सगळे विद्यार्थी मुलगे, ही एकटी मुलगी! १८९४ साली ती पदवीधर झाली. बर्नार्ड मेबेक नावाचे एक हौशी आणि मनस्वी शिक्षक तेथे भूमिती शिकवीत आणि निवडक विद्यार्थ्यांना घरी बोलावून वास्तुकलेचे धडे देत. ते स्वतः पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’ या विख्यात कलाविद्यालयात शिकले होते. ज्यूलियानेही तेथेच जावे असे त्यांनी सुचविले.

पण या विद्यालयात स्त्रियांना प्रवेशच नव्हता. तरीही १८९६ मध्ये ज्यूलिया पॅरिसला पोहोचली. एका वास्तुविशारदाच्या कार्यशाळेत ती काम करू लागली आणि दार कधी उघडते याची वाट पाहू लागली. फ्रान्समधील स्त्री-चित्रकारांची व शिल्पकारांची संघटना त्यासाठी झगडत होतीच. १८९७ मध्ये स्त्रियांना प्रवेशपरीक्षेस बसण्याची परवानगी मिळाली.

ही परीक्षा साधीसुधी नव्हती. दिलेल्या विषयावरचा इमारतीचा आराखडा बारा तासांच्या एका बैठकीत पुरा करायचा. त्याशिवाय रेखाटन, मातीकाम, गणित, भूमिती आणि इतिहास हे विषय. तोंडी परीक्षा फ्रेंचमध्ये. ज्यूलियाचे सारे शिक्षण फूट-इंचांत झालेले, तर येथे सगळी मापे मीटरमध्ये. पहिल्या खेपेस तिचा क्रमांक आला ४२वा. प्रवेश मिळायचा होता पहिल्या तिसांना.

ती पुन्हा बसली. १८९८ सालच्या या दुसऱ्या खेपेस परीक्षकांनी तिचे गुण मुद्दाम कमी केले. मुलींना उत्तेजन द्यायचे नाही असा त्यांचा विचार होता आणि तो तिच्या कानावरही आला.

येथे मी थांबले तेव्हा ताई अंथरुणात उठून बसली होती. पुढे काय झाले, असे तिने विचारले. निकालानंतर तिने आपण होऊन काही विचारण्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढे असे झाले की ज्यूलिया त्याच वर्षी तिसऱ्यांदा परीक्षेला बसली आणि तेरावी आली. तेराव्या क्रमांकाला तिसाच्या बाहेर ढकलणे परीक्षकांना जमले नाही. १८९८ च्या अखेरीस त्या विद्यालयाच्या वास्तुकला विभागात प्रवेश मिळविणारी ती पहिली स्त्री ठरली.

प्रवेश मिळाला म्हणजे सारे झाले असे मात्र नव्हते. तेथे वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंतच शिकता येई आणि ज्यूलिया सव्वीस पुरी करून सत्ताविसाव्यात होती. शिक्षणाची पद्धतही निराळीच होती. व्याख्यानांपेक्षा स्पर्धांवर सगळा भर. विद्यार्थ्याने आधी एका बंद खोलीत बसून, कोणाचीही मदत न घेता, कच्चा आराखडा काढायचा. त्याची एक प्रत विद्यालयात जमा करायची. मग आठवडेच्या आठवडे खपून त्यावरून मोठे, रंगविलेले नकाशे तयार करायचे; परंतु मूळ कल्पनेपासून हटायचे नाही. हटला तर बाद! विषय बहुधा सार्वजनिक इमारतींचे असत. मुदत संपली की नकाशे गोळा करायला हातगाडी येई. काही विद्यार्थी त्या गाडीबरोबर धावत शेवटच्या रेघा मारीत, असे सांगतात. फ्रेंचमध्ये गाडीला ‘शारेत’ म्हणतात. आजही वास्तुकलेचे विद्यार्थी आयत्या वेळच्या त्या धावपळीला हाच शब्द वापरतात. निकाल बंद दाराआड लागे. आपली बाजू मांडायला विद्यार्थी तेथे नसे. जे सांगायचे ते कागदानेच सांगायचे. या स्पर्धांतून गुण साठवीत साठवीत वरच्या वर्गात जायचे.

ज्यूलिया अशा स्पर्धांमागून स्पर्धा देत गेली. शोसमिश या वास्तुविशारदाच्या हाताखाली ती काम करीत होती. तिसावा वाढदिवस अगदी तोंडावर आला असताना तिने शेवटचा आराखडा सादर केला. विषय होता एक वैभवशाली नाट्यगृह. तो यशस्वी ठरला आणि १९०२ च्या सुरुवातीस विद्यालयाचे प्रमाणपत्र तिच्या हाती पडले. वास्तुकलेचे हे प्रमाणपत्र मिळविणारीही ती पहिलीच स्त्री. ते नाट्यगृह कधी बांधले गेले नाही. कागदावरच राहिले. पण त्या कागदाने तिला पुढची सारी आयुष्यभराची कामे दिली.

मायदेशी परतल्यावर ती जॉन गॅलन हॉवर्ड या वास्तुविशारदाकडे बर्कली विद्यापीठाच्या इमारतींवर काम करू लागली. आपल्याकडे एक अत्यंत हुशार नकाशाकार आहे आणि ती बाई असल्यामुळे तिला जवळजवळ काहीच पगार द्यावा लागत नाही, अशी फुशारकी हे गृहस्थ मारीत, असे सांगतात. ज्यूलियाने भांडण केले नाही, पैसे साठविले. १९०४ मध्ये तिने वास्तुविशारदाचा परवाना मिळविला. कॅलिफोर्नियात असा परवाना मिळविणारी ती पहिली स्त्री. लगेच तिने स्वतःचे कार्यालय थाटले.

त्याच वर्षी ओकलंडच्या मिल्स या मुलींच्या महाविद्यालयात तिने एक घंटाघर बांधले. उंची सुमारे ७२ फूट, आत दहा घंटा. ज्या शिकागोच्या विश्वप्रदर्शनाच्या वेळी स्वामी विवेकानंद बोलले, त्या १८९३ च्या प्रदर्शनासाठी ओतलेल्या या घंटा. मनोरा तिने बांधला तो लोखंडी सळ्या घातलेल्या काँक्रीटचा. त्या काळी त्या भागात ही पद्धत नवी होती. एवढ्या वजनदार घंटा तो मनोरा पेलील का, ही शंका कोणाच्या मनात आली असती तर नवल नव्हते.

१८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्कोत महाभूकंप झाला. नंतर आगी लागल्या आणि शहराचा फार मोठा भाग नष्ट झाला. ज्यूलियाचे स्वतःचे कार्यालयही जळाले. पण खाडीपलीकडचे ते घंटाघर जागचे हलले नाही. भूकंपासारखा परीक्षक दुसरा नाही. तो उमेदवाराचे नाव पाहत नाही, स्त्री की पुरुष हेही विचारीत नाही.

त्यानंतर कामांची रीघ लागली. टेकडीवरचे नवे कोरे फेअरमाँट हॉटेल उघडण्याआधीच आगीत होरपळले होते. त्याच्या दुरुस्तीचे काम या चौतीस वर्षांच्या बाईकडे आले आणि भूकंपाला बरोबर एक वर्ष झाले त्या दिवशी ते हॉटेल सुरू झाले. पुढे तिने चर्च, शाळा, रुग्णालये, स्त्रियांचे क्लब आणि घरे बांधली. लॉस एंजलिसमध्ये एका वृत्तपत्राची भव्य कचेरी बांधली. वाय.डब्ल्यू.सी.ए. या स्त्रियांच्या संस्थेसाठी तर ओकलंडपासून होनोलुलूपर्यंत इमारती उभारल्या. नोकरी करणाऱ्या गरीब मुलींच्या एका वसतिगृहात तिने पाहुण्यांना जेवायला बोलावता येईल अशा छोट्या खासगी खोल्या ठेवल्या. तुटपुंज्या पगाराच्या मुलींना हे लाड कशाला, असा आक्षेप चालकांनी घेतला. त्या गरीब आहेत म्हणूनच, असे तिचे उत्तर होते. त्या खोल्या राहिल्या.

१९१९ मध्ये वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी तिला सॅन सिमिऑनच्या डोंगरावर एक घर बांधायला सांगितले. ते घर वाढत वाढत १६५ खोल्यांचा प्रासाद झाले. काम चालले २८ वर्षे. ज्यूलिया आठवडाभर आपल्या कार्यालयात काम करी आणि शनिवार-रविवारसाठी रात्रीच्या आगगाडीने सुमारे दोनशे मैल जाऊन डोंगरावर पोहोचे. अशा पाचशेहून अधिक फेऱ्या तिने केल्या. हर्स्ट यांचे मन सारखे बदले. बांधलेले पाडायचे, पुन्हा बांधायचे. पोहण्याचा मोठा तलाव तीनदा नव्याने रचला गेला. ती प्रत्येक वेळी पहिल्यापासून नकाशा काढी. मधल्या काळात कानाच्या शस्त्रक्रियेमुळे तिचा चेहरा थोडा वाकडा झाला आणि तोल सांभाळणे अवघड झाले. तरी परातींवर चढून काम पाहणे तिने सोडले नाही. नफा झाला की त्यातला वाटा ती हाताखालच्या माणसांना देई.

लग्न तिने केले नाही. मुलाखती, भाषणे, स्पर्धा यांपासून ती दूर राहिली. जवळजवळ सातशे इमारती बांधून १९५१ मध्ये तिने कार्यालय बंद केले आणि तेथले पुष्कळसे जुने कागद नष्ट करून टाकले. आपल्याविषयी इमारतींनीच काय ते सांगावे, असे तिला वाटत असावे. २ फेब्रुवारी १९५७ रोजी ती वारली. पुढे बरीच वर्षे जग तिला जवळजवळ विसरले होते. १९८८ मध्ये सारा होम्स बुटेल यांनी तिचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. अमेरिकेतील वास्तुविशारदांच्या संस्थेने आपले सुवर्णपदक २०१४ मध्ये तिला मरणोत्तर दिले. १९०७ पासून दिल्या जाणाऱ्या त्या पदकावर नाव कोरले गेलेली ती पहिली स्त्री. तेव्हा तिच्या मृत्यूला ५७ वर्षे झाली होती.

कथा संपली त्या रात्री ताई बराच वेळ गप्प होती. मला वाटले होते, परीक्षकांनी ज्यूलियावर केलेल्या अन्यायाचा भाग तिला सर्वांत अधिक भावेल. पण तिच्या मनात राहिली होती ती पहिली खेप, ४२व्या क्रमांकाची. त्या वेळी कोणी अन्याय केल्याचे दिसत नाही. भाषा कच्ची होती, मापे नवी होती. दुसऱ्या खेपेस मात्र उघड अन्याय झाला. अपयशाची कारणे दोन वेगळी. पण ज्यूलियाने दोन्ही वेळा केले तेच. पुन्हा बोर्डासमोर बसली. कोणते अपयश आपले आणि कोणते दुसऱ्याने लादलेले, याचा हिशेब मांडीत ती बसून राहिली असती, तर तिशी केव्हाच उलटून गेली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने माळ्यावरची गुंडाळी खाली काढली. सुतळी सोडली आणि नकाशा जमिनीवर पसरून ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग मला हाक मारून तिने बोट ठेवून दाखविले. आरक्षण खिडकीवरून फलाटाकडे जाणारा प्रवासी बसगाड्यांच्या वाटेतूनच जात होता. हातात पिशव्या आणि कडेवर मूल घेतलेली बाई तेथून कशी जाईल? परीक्षकांचा सूर कठोर असेल, वेळही त्यांनी कमी दिला असेल. पण चूक होती. आणि ती तिला स्वतःला सापडली होती.

मधली खोली पुन्हा महिनाभर गेली. मी पुन्हा बसगाड्या कापल्या. बँकेच्या परीक्षेचा विषय बाबांनी नंतर काढला नाही; उलट एका रात्री चहा करून त्यांनी तो बोर्डाशेजारी आणून ठेवला. पुढच्या खेपेस ताई त्या विषयात उत्तीर्ण झाली. पहिली वगैरे आली नाही. कितवी आली, ते मी तिला विचारलेही नाही.

निकालाच्या याद्या आपल्या महाविद्यालयातही फलकावर लागतात. कोणाचे नाव त्यात वर असते, कोणाचे खाली आणि कोणाचे नसतेच. आपले नाव शोधून न सापडलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींना मला एवढेच सांगावेसे वाटते, की पॅरिसच्या त्या फलकावर ज्यूलिया मॉर्गनचे नावही दोनदा नव्हते. ओकलंडचे घंटाघर मात्र आजही उभे आहे.