पंडिता रमाबाई : कृपेचा विचार आणि आचार



वाट चुकलेल्यावर ईश्वर कृपा करतो, हा विचार मराठी मनाला नवा नाही. ‘पतितपावन’ हे विशेषण संतसाहित्यामुळे आपल्या परिचयाचे आहे. परंतु एकोणिसाव्या शतकात ‘पतित’ ठरलेल्या स्त्रीला समाजव्यवहारात परतीची वाट नव्हती. ही विसंगती लक्षात ठेवून पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) चरित्र आपण पाहू.

अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येला आईने संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील निवर्तल्यावर भावासह त्यांनी देशभर भ्रमण केले. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८२ मध्ये वैधव्य आले. त्याच वर्षी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज स्थापला आणि १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या.

लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनी ‘पतित’ स्त्रियांना सन्मानाने सांभाळतात, हे पाहून त्या विस्मित झाल्या. अशा स्त्रियांचा स्पर्शही टाळावा, हा त्यांच्यावरचा संस्कार होता. या सेवेचे कारण विचारता त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली : लोकांनी दूर ठेवलेल्या त्या स्त्रीशी विहिरीपाशी येशू स्वतःहून बोलतो. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

येथे एक बाब ध्यानात घ्या. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी जाणीव त्यांना काही वर्षांनी झाली. इतरांना लागणारी कृपा आपल्यालाही तितकीच हवी, हे विदुषी रमाबाईंना उमगले. त्यामुळे त्यांच्या सेवेत उपकाराचा भाव उरला नाही.

त्यांच्या संस्थांची नावे क्रमाने वाचा. १८८९ मध्ये मुंबईत विधवांच्या शिक्षणासाठी ‘शारदा सदन’ निघाले. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगाव येथे निराधार मुलींसाठी ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. पुढे तेथेच समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ झाले. विद्येकडून मुक्तीकडे आणि मुक्तीकडून कृपेकडे असा हा शब्दप्रवास आहे. अखेरच्या वर्षांत मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून त्यांनी केलेल्या बायबलच्या भाषांतरात सोप्या मराठीचा आग्रह होता. ज्यांच्यासाठी कृपा, त्यांना तिची भाषा कळलीच पाहिजे.

विचार करा : रमाबाईंच्या धर्मांतराने त्यांचे अनेक सहकारी दुरावले. त्यांचे ‘कृपा सदन’ समजून घेण्यासाठी वाचकाने त्यांच्याच धर्माचा असणे आवश्यक आहे काय?