लॉर्ड डलहौसी आणि वऱ्हाडचा हिशेब

गहाणखत, व्याज आणि शिल्लक हे शब्द अमरावती-अकोल्याच्या पेढ्यांवर रोज उच्चारले जातात. परंतु आपला सबंध वऱ्हाड प्रांतच एकदा कर्जापोटी दुसऱ्याच्या ताब्यात गेला होता, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या स्मरणातून गेली असावी. हा व्यवहार 1853 साली घडला, आणि तो ज्यांच्या आग्रहाने घडला त्या लॉर्ड डलहौसी यांचे चरित्र आज आम्ही थोडक्यात सांगू इच्छितो.

जेम्स अँड्र्यू ब्राउन-रॅम्झी यांचा जन्म 22 एप्रिल 1812 रोजी स्कॉटलंडातील डलहौसीच्या गढीत झाला. त्यांचे वडील काही काळ हिंदुस्थानात सरसेनापती होते. वडील बंधू अकाली वारल्यामुळे 1838 साली घराण्याची पदवी ह्यांच्याकडे आली. ऑक्सफर्ड येथे शिक्षण संपवून ते राजकारणात शिरले आणि पुढे पील यांच्या मंत्रिमंडळात व्यापारखात्याचे अध्यक्ष झाले. त्या काळी इंग्लंडात आगगाडीच्या कंपन्यांचे पेव फुटले होते. त्यांचे शेकडो कागद स्वतः तपासण्याच्या कामी ह्या गृहस्थांनी आपली प्रकृती कायमची बिघडवून घेतली. काम दुसऱ्यावर सोपवावयाचे नाही आणि एकदा ठरविलेले बदलावयाचे नाही, हा त्यांचा स्वभाव तेथेच पक्का झाला.

जानेवारी 1848 मध्ये ते कलकत्त्यास गव्हर्नर-जनरल म्हणून उतरले, तेव्हा त्यांचे वय अवघे 35 होते. पुढील आठ वर्षांत त्यांनी जे केले ते इतर कोणास पंचवीस वर्षांतही साधले नसते. 1849 साली पंजाब आणि 1852 साली ब्रह्मदेशाचा खालचा भाग त्यांनी लढाईने घेतला. दत्तक नामंजूर करून सातारा, झाशी व नागपूर ही संस्थाने खालसा केली. आणि 1856 च्या प्रारंभी अयोध्येचे राज्य अव्यवस्थेच्या सबबीवर घेतले. आमच्या शेजारच्या नागपुरास तिसरे रघूजी भोसले डिसेंबर 1853 मध्ये निपुत्रिक वारले. त्यानंतर भोसल्यांच्या वाड्यातील हत्ती, घोडे व जडजवाहीर लिलावात निघाले, आणि वृद्ध बांकाबाईंच्या विनवण्या व्यर्थ गेल्या.

वऱ्हाडची कथा मात्र निराळी आहे. येथे दत्तकाचा प्रश्न नव्हता, प्रश्न पैशाचा होता. हैदराबादच्या निजामाच्या खर्चाने, परंतु इंग्रज अंमलदारांच्या हाताखाली, एक कंटिंजंट फौज उभी राहिली होती. तिची एक छावणी आमच्या एलिचपुरासही होती. तिचा वार्षिक खर्च सुमारे 40 लाख रुपये. शांततेच्या काळात एवढी फौज निजामाने पोसलीच पाहिजे असे 1800 च्या तहात कोठेही स्पष्ट लिहिलेले नव्हते. निजामाच्या दरबारीही अंदाधुंदी होती. वसुलाचे इजारे दिले जात, इजारदार रयतेस पिळीत, आणि पामर कंपनीसारख्या पेढ्यांचे भारी व्याजाचे कर्ज पूर्वीच मानेवर बसलेले होते. फौजेचा पगार थकला की तो कंपनी सरकार आपल्या खजिन्यातून देई आणि निजामाच्या नावे मांडी. ज्या चाकरांवर धन्याचा हुकूम चालत नाही त्यांचा पगार धन्याच्या खाती चढत जावा, तसा हा प्रकार होता.

कर्ज वाढत वाढत अर्ध्या कोटीच्या घरात गेले. डलहौसींनी प्रथम मुलूख कायमचा मागितला. निजाम नासिर-उद्-दौला त्यास कबूल होईनात, तेव्हा लष्करी बळाची भीती घालण्यात आली. अखेर 21 मे 1853 रोजी रेसिडेंट कर्नल लो यांच्या मार्फत तह होऊन वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. मालकी निजामाची, वहिवाट कंपनीची. वसुलातून फौजेचा खर्च व व्याज भागवावे, उरेल ते निजामास द्यावे, आणि दरसाल खरा हिशेब दाखवावा, असे ठरले. तहानंतर थोड्याच दिवसांत निजामाचे दिवाण सिराज-उल-मुल्क वारले आणि तरुण सालारजंग यांच्याकडे दिवाणगिरी आली. वऱ्हाड परत मिळविण्याची त्यांची खटपट पुढे कित्येक वर्षे चालू राहिली. डलहौसी मात्र ह्या व्यवहारावर संतुष्ट होते. उत्तम कापसाचा मुलूख हाती आला, हा लाभ त्यांच्या दृष्टीने लहान नव्हता.

ह्याच पुरुषाच्या कारकीर्दीत एप्रिल 1853 मध्ये मुंबई-ठाणे आगगाडी धावली, तारायंत्र सुरू झाले, आणि 1854 साली अर्ध्या आण्यात देशाच्या कोणत्याही टोकास पत्र जाऊ लागले. धर्मांतर केलेल्याचा वारसाहक्क राखणारा 1850 चा कायदा त्यांच्याच काळचा. विधवाविवाहास मान्यता देणाऱ्या कायद्याचा मसुदाही त्यांच्याच अमदानीत पुढे आला. बेथून यांच्या निधनानंतर कलकत्त्याच्या मुलींच्या शाळेचा खर्च त्यांनी आपल्या पदरचा दिला. सुधारणेचा कैवार घेणाऱ्या आम्हांस ह्या गोष्टी नाकारता येत नाहीत, आणि नाकारावयाच्याही नाहीत. 1867 पर्यंत आगगाडी अकोला व बडनेऱ्यावरून नागपुरास पोहोचली आणि वऱ्हाडच्या कापसास मुंबईची वाट मोकळी झाली, हेही खरेच.

परंतु मुलुखास सोयी दिल्या म्हणून हिशेब देण्याची जबाबदारी संपते काय? डलहौसी गेल्यानंतर 1860 साली दुसरा तह झाला. त्यात 50 लाखांचे कर्ज सोडले गेले, धाराशिव व रायचूर परत झाले. पण वऱ्हाड राहिले ते राहिलेच. शिवाय मागील, चालू व पुढील कोणताही हिशेब मागावयाचा नाही, ही अट निजामाकडून लिहून घेण्यात आली. कर्ज फिटले, तरी गहाण सुटले नाही. उलट वहीच बंद झाली! कोणत्या सावकाराचा असा व्यवहार आमच्या बाजारात खपला असता? पुढे 1902 साली लॉर्ड कर्झन यांनी दरसाल 25 लाखांवर तोच प्रांत कायम पट्ट्याने घेतला.

हा मार्ग एकट्या इंग्रजांचाच नव्हे. अमेरिकेचे करारी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 1905 साली कर्जबाजारी डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या जकातीची वसुली आपल्या माणसांच्या हाती घेतली. शेकडा 55 सावकारांस व 45 त्या सरकारास, अशी वाटणी ठरली. पुढे 1916 साली अमेरिकन फौजच तेथे उतरली आणि 1924 पर्यंत राहिली. दुबळ्याच्या कर्जावर बलवानाने कारभारी नेमला, की तो कारभारी धनी होण्यास फारसा वेळ लागत नाही.

1853 साली डलहौसींची पत्नी मायदेशी जाताना प्रवासातच वारली. ते स्वतः मार्च 1856 मध्ये कुबड्यांच्या आधाराने हिंदुस्थान सोडून गेले, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी खालसा केलेल्या मुलखांत वणवा पेटला. 19 डिसेंबर 1860 रोजी, वयाच्या 48 व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. आपले खाजगी कागद पन्नास वर्षे उघडू नयेत असे त्यांनी सांगून ठेवले होते. त्यांस पुत्र नव्हता. पंजाबच्या विजयाबद्दल मिळालेली मार्क्विसची पदवी त्यांच्याबरोबरच लोपली. परक्यांच्या गाद्या वारसाअभावी बुडविणाऱ्याच्या घरी दैवाने हाच न्याय लावला.

त्यांची बुद्धी, उद्योग व निर्लोभ वृत्ती ह्यांविषयी आमचा वाद नाही. आमचा वाद एवढाच, की आपण हितकर्ते आहो अशी खात्री पटलेल्या माणसास ज्याचे हित करावयाचे त्याला विचारण्याची गरज वाटेनाशी होते. वऱ्हाडच्या भवितव्याचे कागद 1853, 1860, 1902 आणि 1936 असे चार वेळा लिहिले गेले; त्यांपैकी एकावरही वऱ्हाडच्या रयतेची सही नाही. आज ह्या प्रांतात जिनिंग मंडळापासून नगरपालिकेपर्यंत कोणीही आमच्या वतीने पैसा वसूल करीत असेल, तर त्याच्या कर्तबगारीची स्तुती आम्ही अवश्य करावी. परंतु ती करण्यापूर्वी वही उघडावयास सांगावे.