पदवीपलीकडचे पाळक : रेव्हरंड ना. वा. टिळक

पाळक होण्यासाठी शास्त्र शिकावे लागते. धर्मग्रंथांचा अर्थ आणि प्रवचनाची रीत विद्यालयात शिकता येते. पण दुखावलेल्या माणसाशी कसे वागावे, याचा पेपर कोणत्या परीक्षेत असतो? हा अभ्यास कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी जन्मभर केला.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. पुढे राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार वाचायला दिला. त्या वाचनाने त्यांच्या मनात वादळ उठले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पहिली कसोटी घरातच लागली. पत्नी लक्ष्मीबाई या धक्क्याने खचल्या. काही वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली. पुढे त्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, टिळकांकडे आल्या, तेव्हाही सोवळेओवळे पाळीत होत्या. टिळकांनी त्यांच्यावर धर्म लादला नाही. त्यांचा स्वयंपाक वेगळा राहू दिला. लक्ष्मीबाई स्वतः विचार करीत बदलल्या आणि 1900 साली त्यांनी स्वखुशीने बाप्तिस्मा घेतला. माणसाला त्याचा वेळ द्यावा, हा धडा टिळक घरात शिकले. पुढे अनाथ मुलांनाही त्यांच्या घरी आसरा मिळाला. ती सारी धांदल लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणाने लिहून ठेवली आहे.

दुसरा धडा भाषेचा. त्या काळी मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी चालीवरची भाषांतरित गीते पुष्कळ असत. अहमदनगरच्या धर्मशिक्षण विद्यालयात स्वतः शिकवणाऱ्या टिळकांना हे परकेपण खटकले. त्यांनी अभंग, भजने लिहिली, कीर्तनाची परंपरा उपासनेत आणली. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते मानीत. आमच्या सणसरला तुकोबांची पालखी मुक्कामी येते, तेव्हा कधी शाळेत न गेलेल्या आजीबाईही अभंग बिनचूक म्हणतात. लोकांच्या ओठांवर आधीच असलेल्या या शब्दांचे बळ टिळकांनी ओळखले होते.

तिसरा धडा सर्वांत अवघड होता. 1917 साली, पंचावन्नी उलटल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' आरंभला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. पगार आणि पद यांचा आधार सोडून लोकांच्या जवळ जाण्याचा तो प्रयत्न होता. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले आणि दरबार बाल्यावस्थेतच राहिला. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्यही अपुरे राहिले. जी बाई एकेकाळी त्यांच्या धर्मांतराने कोसळली होती, तिनेच पुढे ते लिहिण्याचे काम हाती घेतले. पाळकाच्या कामाची याहून मोठी पावती कोणती?

आमच्यासारख्या, घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्या मुलांना पदवीचे फार अप्रूप असते. ते असावेच. टिळकांनीही विद्या कधी कमी लेखली नाही. मात्र शिकलेले माणसांपर्यंत पोहोचवायचे, तर आधी त्यांची भाषा आणि त्यांचे दुःख समजून घ्यावे लागते. पाळकाला हे जितके लागू, तितकेच उद्याच्या शिक्षकाला आणि ग्रामसेवकालाही लागू आहे.